तरस आला म्हणून सोडलेला लांडगा

"तरस आला, म्हणून सोडला त्याला."

हे तुम्ही बाबांना सांगत होतात, बापूमामा, आणि मी पडद्यामागून ऐकत होते. मयूर विहारमधल्या आमच्या घराची बाल्कनी, थंडीतलं कोवळं ऊन, तुमच्या दोघांमध्ये भुईमुगाच्या शेंगांची परात. मी नऊ-दहा वर्षांची असेन. कोणी आलं की मी पडद्यामागे जायची. तुम्ही आईचे सख्खे भाऊ, तुमच्यासाठी कोणी पडद्यामागे जात नाही, पण मी जायची. इतकी वर्षं बंदुकीला गाल लावून तुमचा उजवा कान गेला होता आणि साऱ्या जगालाच कमी ऐकू येतं असं समजून तुम्ही बोलायचात. त्यामुळे मला पडद्याला कान लावण्याचीही गरज पडली नाही.

लांडगा समोर उभा होता. बंदूक खांद्याला लागली होती. आणि तरस आला, म्हणून तुम्ही त्याला सोडलं.

माझी शाळा इंग्रजी, जिन्यात आणि बागेत हिंदी, मराठी फक्त जेवताना. हिंदीत तरस येतो म्हणजे दया येते. मी तेच ऐकलं. माझा मामा ग्वाल्हेरच्या शिकारी घराण्यातला, भिंतीवर शिंगं लावणारा, पण लांडग्याच्या डोळ्यांत बघून त्याला दया आली आणि त्यानं बंदूक खाली घेतली! ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. वर्गात एकदा शिकार या विषयावर बाई बोलायला लावत होत्या. सगळ्या मुली शिकारी कसे दुष्ट असतात ते सांगत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखी खाली बघत उभी राहिले, पण आतून मला गुदगुल्या होत होत्या. माझ्याकडे असा एक मामा होता, जो त्यांच्याकडे नव्हता.

तो मामा मी बारा-तेरा वर्षं जपून ठेवला. मग मला नोकरी लागली. गुडगावला, परदेशी कंपनीत. काचेची इमारत, आत एवढी थंडी की जूनमध्ये स्वेटर, आणि फाटकासमोर रवंथ करणाऱ्या म्हशी. मयूर विहारहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून आईनं मला तुमच्याकडे ठेवलं. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी तुम्ही नव्या सेक्टरच्या अगदी टोकाचा प्लॉट घेतला होता. मागच्या गच्चीवर उभं राहिलं की खाली चुन्यानं आखलेले रिकामे चौकोन, त्यापुढे विलायती कीकरचं, म्हणजे वेड्या बाभळीचं रान आणि त्याच्या मागे अरवलीची खडकाळ रांग. मामी म्हणायची, "दूधवाला यायला तयार नाही इथे, आणि यांना व्ह्यू हवाय."

डिसेंबरमधली ती सकाळ आठवते? शेजारच्या प्लॉटवर आदल्या संध्याकाळी जमिनीचं काँक्रीट घातलं होतं. ठेकेदार डोक्याला हात लावून ओरडत होता.

"देखिए अंकलजी! कुत्तों ने सत्यानाश कर दिया पूरे फर्श का!"

तुम्ही माकडटोपी घालून चहाचा कप घेऊन बघायला गेलात. मी ऑफिसच्या गाडीची वाट बघत फाटकाशी होते. तुम्ही कप विटांवर ठेवलात, गुडघे वाजवत खाली बसलात आणि बराच वेळ उठलाच नाहीत. मला वाटलं, चक्कर आली. धावत गेले.

"रेवाबाई," तुम्ही म्हणालात, "हे कुत्रं नाही."

तुम्ही कुजबुजला होतात! ज्या माणसाचं फोनवरचं बोलणं चौथ्या प्लॉटवर ऐकू जायचं, तो कुजबुजत होता. माझ्या अंगावर काटा आला तो पंजे बघून नाही, तुमचा आवाज ऐकून.

मग तुम्ही मला लांडग्याची चाल दाखवलीत. कुत्रं चालतं ते रमतगमत, इथे हुंग, तिथे पाय वर कर. ही रेघ सरळ होती. एकापुढे एक पाऊल, मधली दोन बोटं पुढे काढलेली, पंजा लांबट. "बघा कसा गेलाय. तुमच्यासारखा ऑफिसला उशीर झालाय याला." ठेकेदाराला तुम्ही विनवलंत की एवढी पट्टी तशीच ठेव. तो म्हणाला, "अंकलजी, मालिक मुझे छोड़ेगा?" आणि दुपारपर्यंत त्यानं वर नवा थर देऊन थापीनं सगळं सारखं करून टाकलं. माझी गाडी त्या दिवशी चुकली. आयुष्यात पहिल्यांदा मी आजारी असल्याचा खोटा फोन केला आणि तुम्ही शेजारी उभे राहून माझ्यासाठी खोकलात.

पोहे खाताना मला राहवलं नाही. इतकी वर्षं जपलेला प्रश्न मी विचारला. "मामा, तेव्हा तुम्ही लांडग्याला सोडलंत ना? दया आली म्हणून?"

"कोणाची दया?"

"लांडग्याची. तुम्ही बाबांना म्हणाला होतात. तरस आला म्हणून सोडला."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मामीकडे बघितलंत, आणि मग जे हसायला लागलात! पोहे टेबलभर उडाले. "अगं, तरस! तरस म्हणजे जनावर! हायना, हायना तुमचा!" मामी पदरानं डोळे पुसत होती. "दिल्लीत वाढवलेल्या पोरी," ती म्हणाली, "उद्या कीव आली म्हटलं तर विचारतील, कुठल्या गाडीनं?"

मीही हसले. पण मग विचारलं, "मग लांडग्याला का सोडलंत?"

"कारण बंदुकीत एकच काडतूस उरलं होतं. चिंकारा माझा, लांडगा त्याच्यावर ताव मारायला आलेला, त्याच्यावर नेम धरला, तेवढ्यात पलीकडून तरस आला. एवढा थोरला! काडतूस त्याला गेलं, लांडगा पळाला."

म्हणजे तुम्ही त्याला सोडलं नव्हतं. तो वाचला होता, आणि त्याच्या जागी दुसरं कोणी मेलं होतं. मी चमचा खाली ठेवला. तुमच्या लक्षात आलं. तुमच्या सगळं लक्षात यायचं, हे मला नंतर कळलं. मोठ्यानं बोलणारी माणसं काही बघत नसतील, असा माझा समज होता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, मामा. ते संपलं नाही, म्हणूनच हे लिहिते आहे.

"लांडग्याची दया?" तुम्ही म्हणालात. "रेवाबाई, आम्हाला त्याचा राग यायचा. आम्ही आठवडाभर फायली उपसून रविवारी जीप काढायचो, आणि हा रोज हजर. ना लायसन, ना पेट्रोल. आमच्या आधी पोचायचा, आमच्यापेक्षा कमी चुकायचा. चिंकारे बुजवून ठेवायचा. दिसला की आमच्यातला प्रत्येक जण सावज सोडून त्याच्यावर बंदूक वळवायचा."

"म्हणजे मारलेत."

"मारले."

"किती?"

"ते नका विचारू."

आणि मग, मी काही न बोलता नुसती बसून राहिले म्हणून असेल, तुम्ही ते सांगितलंत जे बाबांना कधी सांगितलं नव्हतं. की एका वर्षी लांडगे दिसेनासे झाले. की तुम्ही सगळे खूश झालात. की पुढच्या थंडीत ससे वाढले आणि त्यांची चालच बदलली. जीप अंगावर आली तरी उठेनात. चिंकारे मान वर करून बघायचे आणि पुन्हा चरायला लागायचे. "मंडईत जाऊन भेंडी निवडावी तसं वाटायला लागलं. बंदूक उचलायची लाज वाटायची. लांडगा होता तेव्हा सगळं रान जागं असायचं, रेवाबाई. आम्हीसुद्धा. कायदा आला नंतर. माझी शिकार त्याच्या आधीच संपली होती."

"म्हणजे तुम्हाला तो हवा होता."

"हवा होता असं नाही. तो तिकडे कुठेतरी आहे, एवढं माहीत असायला हवं होतं."

"मग ते एकच झालं."

"अजिबात नाही!"

झालं होतं, मामा. एकच झालं होतं. पण तुम्ही कधी कबूल केलं नाहीत.

त्यानंतरचे रविवार! तुमच्या मारुतीत दुर्बीण, थर्मास आणि मामीनं कुरकुरत दिलेले गूळपापडीचे तुकडे. सोहन्याच्या रस्त्याला लागून, डावीकडे बंद पडलेल्या दगडाच्या खाणीशी गाडी ठेवायची आणि उजाडायच्या आत चालायला लागायचं. तुम्ही मला वाऱ्याकडे तोंड करून बसायला शिकवलंत. खोकला आला तर तो कसा गिळायचा ते शिकवलंत. आणि एकदा, असं तासन्तास बसल्यावर, परतताना म्हणालात, "ग्वाल्हेरला अशी माणसं शोधून मिळायची नाहीत. एक चूप बसला की दुसऱ्याला शिंक यायची. तुम्ही जन्मजात शिकारी आहात." घरात, शाळेत, ऑफिसात सगळे मला एकच विचारत आले, बोलत का नाहीस. माझं गप्प बसणं कोणाच्या तरी कामाचं आहे, असं म्हणणारे तुम्ही पहिले. त्या दिवशी गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. तुम्हाला वाटलं असेल, धूळ गेली.

आणि फेब्रुवारीतला तो रविवार. पळस फुलायला लागला होता. घळीच्या वरच्या कडेला आपण पालथे पडलो होतो. तुम्ही दुर्बीण लावून पलीकडची चढण बघत होतात आणि मी नुसतीच खाली बघत होते, कारण दुर्बीण एकच होती आणि तुम्ही ती देत नव्हतात. खालच्या कपारीतून एक दगड बाहेर आला. दगडाला कान होते. मग दुसरा आला आणि पहिल्याच्या अंगावर पडला.

मी तुमच्या बाहीला ओढलं. तुम्ही "अंहं" केलंत. मी आणखी जोरात ओढलं. तुम्ही दुर्बीण खाली आणलीत आणि तुमचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. पिल्लं! तीन! मळकट, गोल पोटाची, एकमेकांच्या शेपट्या चावणारी. आणि मग ती आली. कुठून आली ते आपल्या दोघांनाही दिसलं नाही. आधी तिथे गवत होतं, मग ती होती. लांब पाय, बारीक कंबर, डोळे पिवळे. तिनं वर बघितलं, थेट आपल्याकडे. मी आयुष्यात कोणाच्या नजरेला नजर दिली नाही, मामा, पण तिला दिली. माझं काळीज इतकं वाजत होतं की तिला ऐकू जाईल अशी भीती वाटली. तिनं आपल्याला पाहिलं, थोडा विचार केला आणि पिल्लांना चाटायला लागली.

परतताना तुम्ही गाडी तिसऱ्या गियरमध्ये टाकायलाच विसरलात. इंजिन किंचाळत होतं आणि तुम्ही लहान मुलासारखे ओरडत होतात, "दगडाला कान! रेवाबाई, दगडाला कान!"

तो आठवडा आपला चांगला गेला. मग चौधरी अंकल आले.

त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. तुमच्या जीपमधले ते सगळ्यात जुने सोबती. नोकरीला ग्वाल्हेरला होते, पण मूळचे इथल्याच गावचे. जमीन बिल्डरला देऊन उरलेल्या तुकड्यावर फार्महाऊस बांधलं आणि हौसेनं राजस्थानी शेळ्या पाळल्या. एकेकीला नाव होतं. त्यातल्या तीन लांडग्यानं नेल्या होत्या. ते आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"बापू, रानी को भी ले गया. गाभन थी." ते सोफ्यावर टेकलेही नाहीत. "तू जगह ढूँढ. तेरे जैसी नजर किसी की नहीं. बाकी मैं देख लूँगा."

"कानून है, चौधरी."

"कानून सेक्टर में है. इधर मेरी बकरियाँ हैं."

मी चहाचे कप देऊन ट्रे घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, कसला लांडगा, काही दिसलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही कप उचललात, फुंकर मारलीत आणि म्हणालात, "देखता हूँ."

ते गेल्यावर मी तुमच्याशी भांडले. आवाज चढवून नाही, मला तो चढवता येत नाही. पण दारातून हलले नाही.

"तुम्ही सांगणार त्यांना?"

"मला साप चावला तेव्हा या माणसानं मला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणलं. रानातल्या गोष्टीत मी त्याच्याशी खोटं बोललेलो नाही. कधीच."

"मग खोटं नका बोलू. सांगणार नाही म्हणा."

"मित्राला असं म्हणत नाहीत."

"पिल्लं आहेत, मामा."

"पाहिलीत मी. मला काय सांगता?"

"मग?"

"मग काही नाही. ट्रे खाली ठेवा, हात दुखतील."

पुढच्या रविवारी तुम्ही पाठ दुखते म्हणालात आणि आपण गेलो नाही. मला वाटलं, ठरवलंय तुम्ही. मी तुमच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. तसंही मी कामापुरतंच बोलते, तेव्हा तुम्हाला फरक कळला की नाही, कोण जाणे. कळला असणार. गुरुवारी सकाळी मी निघाले तेव्हा तुम्ही गच्चीवरून हात केलात. मी पाहिला, आणि गाडीत बसले. दुपारी ऑफिसात मामीचा फोन आला.

मी हात का केला नाही? हा प्रश्न मी या दिवसांत इतक्यांदा उगाळला आहे की आता पुरे. तुम्ही म्हणाला असतात, ट्रे खाली ठेवा.

त्याऐवजी बातमी सांगते. तेराव्याच्या आधीच्या रविवारी मी एकटी गेले. मामीला सांगितलं की ऑफिसात काम आहे. मुक्कामाला आलेल्या बाबांची स्कूटर घेतली. खाणीशी पोचेपर्यंत हात गारठले होते, आणि कोणी विचारलं असतं की काय शोधतेस तर मला सांगता आलं नसतं. कडेला पालथी पडले. कपार रिकामी होती. ऊन वर आलं. मी खोकला गिळला, तुम्ही शिकवला तसा. आणि मग, मामा, पिल्लं आली! तिघंही! केवढी वाढलीत! पाय अंगापेक्षा मोठे झालेत, पळताना स्वतःच्याच पायात अडकतात. एकाच्या तोंडात कसलंसं पीस होतं आणि दोघं त्याच्यामागे, घळभर, खालून वर, वरून खाली. मी तोंडावर हात दाबून हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. तुमची दुर्बीण आणली होती, पण ती लावायची आठवणच राहिली नाही. परतताना वाटेत कोणी दिसेल त्याला थांबवून सांगावं असं वाटत होतं. सांगायचं होतं ते फक्त तुम्हाला.

परवा तेरावा झाला. घरात माणसं मावत नव्हती. ग्वाल्हेरचे, मयूर विहारचे, सेक्टरमधले. चौधरी अंकल सकाळपासून होते. पंगतीत त्यांनी वाढलं, मामीच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. सगळं आवरल्यावर गच्चीवर सतरंज्या घातल्या होत्या, तिथे मी पाण्याचे पेले घेऊन गेले. बाबा, ग्वाल्हेरचे काका, शेजारचा प्लॉटमालक, सगळे होते. अंकलनी मला हात धरून बसवलं.

"बिटिया, बुधवार को फोन किया था मैंने बापू को. पूछा, जगह मिली? बोला, मिल गई."

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी.

"मैंने कहा, तो चल इतवार को. बोला, नहीं. मेरी नहीं है, कैसे दिखाऊँ?" अंकल नाक पुसत बाबांकडे वळले. "हम लोगों में कायदा था जी. गोली किसी की भी हो, जानवर उसका जिसकी नजर पहले पड़ी. उसकी मर्जी के बिना दूसरा हाथ नहीं लगाता था. बापू बोला, मेरी भांजी ने देखा है. उससे पूछ. वो ले जाए तो मैं भी बंदूक उठाकर साथ चलूँगा."

म्हणजे तुम्ही त्यांच्याशी खोटं बोलला नव्हतात. आणि मला विकलंही नव्हतंत. पाठ दुखते म्हणून पडून राहिलात आणि जुन्या जीपमधला तो कायदा शोधून काढलात. आणि बुधवारपासून गुरुवारपर्यंत मला सांगायला तुम्हाला वेळ मिळाला नाही, कारण मी कामापुरतंच बोलत होते.

"तो बता, बिटिया," अंकल म्हणाले. त्यांच्या आवाजात दरडावणी नव्हती. ते खरंच विचारत होते, एका शिकाऱ्यानं दुसऱ्याला विचारावं तसं. "मालूम है ना तुझे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आई दारात येऊन थांबली. ती आता माझ्या वतीनं उत्तर देणार, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. लहानपणापासून ती देत आली आहे. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. अंकल म्हणाले असते, शरमाती है, आणि विषय बदलला असता, आणि पुढच्या आठवड्यात ते स्वतः घळी धुंडाळायला निघाले असते.

मी हातातला पेला सतरंजीवर ठेवला. आईकडे बघून मान हलवली. मग अंकलच्या डोळ्यांत बघितलं आणि तुमच्यासारखं, चौथ्या प्लॉटवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"मालूम है, अंकल. मैंने ही देखा है, इसलिए मेरे हैं. नहीं दिखाऊँगी, और आप भी नहीं ढूँढेंगे."